करडू कसं होतं?

एका गावात दोनशिक्षकी शाळा होती. दोन खोल्या, पुढे कडुलिंब, मागे हातपंप. पहिली-दुसरीची मुले एका खोलीत बसत, तिसरी-चौथीची दुसऱ्या खोलीत. गाव कोरडवाहू होते. ज्वारी, तूर, हरभरा एवढीच पिके आणि घरटी दोन-चार शेळ्या. दिवाळी सरली की निम्मे गाव ऊसतोडीला जाई. मुकादमाकडून उचल घेतलेली असे, ती फेडायची असे. कोयते, भांडी, अंथरुणे ट्रॉलीत चढवून माणसे साखर कारखान्यांच्या वाटेला लागत आणि थेट पाडव्याच्या सुमारास परतत. तोवर घरे म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या हवाली असत.

तिसरी-चौथीच्या वर्गाला एक बाई शिकवत. त्या वेळेवर येत, मन लावून शिकवत आणि मुलांवर क्वचितच रागावत.

एके दिवशी त्यांनी विशेषणांचा पाठ घेतला. व्याख्या फळ्यावर लिहिली, मुलांकडून म्हणवून घेतली. दुसऱ्या दिवशी विचारले, "विशेषण म्हणजे काय?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "नामाबद्दल विशेष माहिती सांगणाऱ्या शब्दाला विशेषण म्हणतात."

मग रिकाम्या जागा झाल्या. कसे फूल? सुंदर फूल. कसा मुलगा? हुशार मुलगा. कसा आंबा? गोड आंबा. एकाही मुलाचे चुकले नाही. बाईंना बरे वाटले. त्यांनी निबंध लिहायला दिला, ‘माझी आई’. विशेषणे वापरून लिहा, असे बजावले आणि वह्या तपासायला घरी नेल्या.

रात्री त्यांनी पहिली वही उघडली. ‘माझी आई खूप छान आहे. ती प्रेमळ आहे. ती सुंदर आहे. ती मला खूप आवडते.’ दुसऱ्या वहीत तेच होते. तिसऱ्या वहीत ‘प्रेमळ’ आधी आणि ‘छान’ नंतर. पाच-सहा वह्या झाल्यावर बाईंनी एका वहीच्या वेष्टनावरचे नाव तळहाताने झाकले आणि आतला निबंध वाचला. ही आई कोणत्या मुलाची, ते त्यांना सांगता येईना.

बाई गावातल्या बहुतेक आयांना ओळखत होत्या. एक इतकी उंच होती की शाळेच्या दारातून वाकून आत यायची. एकीच्या कपाळावर भाजल्याचा जुना व्रण होता. एक जण वाक्य पुरे व्हायच्या आतच हसायची. वह्यांमध्ये मात्र या सगळ्या बायका एकच झाल्या होत्या. शुद्धलेखन बरोबर होते, विशेषणेही होती. लाल पेनाने खोडावे असे काहीच नव्हते. बाईंनी बरोबरच्या खुणा केल्या.

एकाच वहीत वेगळे लिहिले होते. चौथीतल्या एका मुलाने सगळा निबंध एका ओळीत संपवला होता. ‘माझी आई ऊस तोडायला गेली आहे.’ त्याखाली बाईंनी लिहिले, ‘विशेषणे वापरावीत.’

तो मुलगा आजीजवळ राहत होता. आईवडील दर वर्षी कारखान्यावर जात. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड आणि अंधार, एवढेच तिला कळे. शाळा सुटली की मुलगा शेळ्या घेऊन माळावर जाई, दिवेलागणीला परत येई. वर्गात तो फारसा बोलत नसे. बाईंनी काही विचारले की खाली बघे.

मार्गशीर्षात गावच्या शिवारात धनगरांचा वाडा उतरला. एका शेतकऱ्याने आपल्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढ्या रात्रभर रानात बसल्या की लेंड्यांचे आणि मुताचे खत जमिनीला मिळते, आणि धनगराला त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. या कळपात मेंढ्यांबरोबर बऱ्याच शेळ्याही होत्या आणि त्यांची करडे होती.

त्या संध्याकाळी मुलगा घरी परतला. आजीने एकेका जनावराच्या पाठीवर हात ठेवला आणि ती म्हणाली, "करडू कुठं हाय रं?"

करडू नव्हते. त्याची आई दाव्याला हिसके देऊन ओरडू लागली. मुलगा उलट पावली पळाला. माळावर त्याच्या शेळ्या धनगरांच्या कळपाला घसटून गेल्या होत्या, ते त्याला आठवले. तो धापा टाकत वाड्यावर पोचला. म्हातारा धनगर तीन दगडांच्या चुलीपाशी बसला होता.

"मामा, माझं करडू तुमच्या कळपात आलंय."

"आलं असंल," म्हातारा म्हणाला. "कसं हाय तुझं करडू?"

"काळं."

त्या मुलखातल्या शेळ्या उस्मानाबादी, आणि उस्मानाबादी शेळी बहुधा काळीच असते. म्हाताऱ्याने मागे जाळीच्या कुंपणाकडे बघितले. "काळी तर समदीच हायती. अजून?"

"लहान हाय."

"करडू लहानच असतंय, लेकरा. अजून?"

मुलाने खूप विचार केला. ते करडू तो रोज पाहत होता, त्याला पाला घालत होता, त्याच्यामागे धावत होता. पण आता डोळ्यांसमोर आणू गेला तर नुसता काळा ठिपका उड्या मारत होता. शेवटी तो म्हणाला, "लई छान हाय."

म्हातारा हसला नाही. "माझी करडं पण मला छानच वाटत्यात," तो म्हणाला. "तुझं असंल तर घेऊन जा, माझी ना न्हाई. पर अंधारात दुसरंच उचलून तुझ्या हाती दिलं, तर त्याची आय हितं रातभर वरडंल अन् तुझी तिकडं. घरी जा, नीट इचारून ये. पहाटं आमी हलनार."

मुलगा रडत घरी आला. आजीने सगळे ऐकून घेतले. मग त्याला जवळ बसवले.

"रडू नगं. म्या सांगते, तू घोक. त्याचं कान लांबडं हायती. डाव्या कानाचं टोक चिरल्यालं हाय, बाभळीच्या काट्यानं. पाठीवरचं केस राठ, पोटाखालचं मऊसूत. गळ्याखाली दोन गाठी लोंबत्यात. डावी लांब, उजवी आखूड. शिंगं अजून फुटायचीत. डाव्या शिंगाची जागा टणक लागती, उजव्या अंगाला अजून मऊ हाय."

मुलगा बघतच राहिला. "आजी, तुला तर दिसत न्हाई."

"म्हून तर हात फिरवावा लागतो," आजी म्हणाली. "तुझं डोळं चांगलं हायती, म्हून तू नुसता बघून म्होरं जातोस."

मुलगा निघाला. वाटेने घोकत होता. चिरलेला कान, राठ पाठ, मऊसूत पोट, आखूड गाठ, टणक शिंग. पांदीत काळोख पडला होता. एरवी तो तिथून पळतच गेला असता, पण आज शब्द सांडतील या भीतीने सावकाश चालला. अर्ध्या वाटेत तो थबकला. आजीने न सांगितलेली एक गोष्ट त्याला आठवली. करडू उडी मारायचे तेव्हा मागच्या डाव्या पायाचा खूर इतर खुरांहून वेगळा दिसायचा. पांढरा म्हणावा तर तसा नव्हता. पिवळाही नव्हता. पांढुरका होता.

वाड्यावर जाऊन त्याने सगळे सांगितले, एकही शब्द न विसरता. शेवटी खुराचे सांगितले. म्हाताऱ्याने बॅटरी घेतली नाही. तो जाळी उचलून आत शिरला. अंधारात जनावरांची हालचाल झाली, एकदोन करडे ओरडली. म्हातारा हाताने चाचपत होता. कान, गळा, कपाळ. बराच वेळ गेला. मग तो एक करडू छातीशी धरून बाहेर आला आणि चुलीच्या उजेडात त्याने त्याचा मागचा पाय वर केला. खूर पांढुरका होता.

"घे," तो म्हणाला. "आता हे तुझं."

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत उशिरा आला. बाईंनी कारण विचारले. एरवी खाली बघणारा तो मुलगा सांगायला लागला आणि करडू घरी आणून त्याच्या आईच्या आचळाला लावेपर्यंत थांबलाच नाही. सगळा वर्ग कान टवकारून ऐकत होता. करडू सापडले तेव्हा दोन-तीन मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाई खडू हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "आजीनं काय काय सांगितलं होतं? पुन्हा सांग."

तो सांगत गेला आणि बाई फळ्यावर लिहीत गेल्या. लांबडा. चिरलेला. राठ. मऊसूत. आखूड. टणक. पांढुरका. मग त्या वर्गाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ही सगळी विशेषणं आहेत."

मुले फळ्याकडे बघत राहिली. विशेषणे पुस्तकात असतात, असाच त्यांचा समज होता. आजीलाही ती येतात हे त्यांना ठाऊक नव्हते, कारण आजीला लिहितावाचता येत नव्हते.

एका मुलीने विचारले, "बाई, मग ‘काळं’ हे विशेषण नाही का?"

"आहे की. पण त्यानं करडू का सापडलं नाही?"

"कारण सगळीच काळी होती."

"आणि ‘छान’नं का सापडलं नाही?"

यावर मुले जरा वेळ गप्प बसली. मग तोच मुलगा म्हणाला, "छान मला वाटत होतं. ते करडाच्या अंगावर नव्हतं."

बाई त्या दिवशी पुढचा पाठ शिकवू शकल्या नाहीत. मुलांचे प्रश्न संपेनात. ‘दोन गाठी’मधला ‘दोन’ कोण? तोही विशेषणच, संख्या सांगणारा. आणि ‘माझं करडू’मधला ‘माझं’? ‘माझं’ हे ‘मी’ या सर्वनामापासून झाले, पण इथे ते करडाबद्दल सांगते, म्हणून तेही विशेषणाचेच काम करते. हे ऐकून मुलगा खूश झाला. ‘माझं’ हाही काही सांगणारा शब्द आहे, हे त्याला पटण्यासारखे होते.

आणखी एक गोष्ट एका लहान मुलीच्या ध्यानात आली. ती तिसरीत होती. फळ्याकडे बघत ती स्वतःशीच पुटपुटत होती. "लांबडा कान, लांबडी गाठ, लांबडं शेपूट. आखूड कान, आखूड गाठ, आखूड शेपूट." मग ती एकदम ओरडली, "बाई, लांबडा बदलतो आणि आखूड बदलतच नाही!"

‘विकारी’ आणि ‘अविकारी’ हे शब्द बाईंनी तेव्हा उच्चारले नाहीत. आणखी शोधा, एवढेच म्हणाल्या. दुपारच्या सुट्टीपर्यंत मुलांनी फळा भरून टाकला. काळा, पिवळा, ओला, चिरलेला बदलत होते. टणक, राठ, मऊ, लाल जिथल्या तिथे उभे होते. ज्यांच्या शेवटी ‘आ’ आहे ते बदलतात, हेही मुलांनीच सांगितले. नियम पुस्तकात होताच, पण तो वाचून दाखवायची वेळ आली नाही.

त्या आठवड्यात बाईंनी गृहपाठ दिला तो असा, की घरच्या माणसांना विचारून शब्द आणा. पुस्तकातला शब्द चालणार नाही.

मुले शब्द घेऊन येऊ लागली. एकाच्या वडिलांनी जमिनीचे शब्द दिले. काळी, तांबडी, मुरमाड, भुसभुशीत, चोपण. चोपण रानात पाणी मुरत नाही, पीक धड येत नाही, हे त्या मुलाने असे सांगितले की जणू तेच रान त्याच्या वाट्याला आले होते. एकीच्या आजोबांनी पाण्याचे शब्द दिले. नितळ, गढूळ, गोडं, मचूळ. शाळेच्या हातपंपाचे पाणी मचूळ आहे, हे सगळ्यांना चवीने ठाऊक होते. त्याला शब्द आहे, हे आज कळले. चिंचा मुलांनी स्वतःच आणल्या. कच्ची चिंच, गाभुळलेली चिंच, पिकलेली चिंच. गाभुळलेली कशी असते हे शब्दांत सांगता येईना, तेव्हा बाईंनी ती सगळ्यांना चाखायला लावली. अर्धवट पिकलेली, सालीपासून सुटत आलेली, आंबट आहे पण दात आंबवत नाही. एवढे सगळे एका शब्दात मावते, याचे मुलांना नवल वाटले.

एक मुलगी पिठाच्या दोन पुड्या घेऊन आली. तिची मावशी घरी भाकऱ्या करून विकत असे. मुलीने दोन्ही पिठे पाटीवर ओतली आणि थोडे थोडे पाणी घालून मळली. "हे ताजं पीठ. चिकट आहे. ओढलं तरी लगेच तुटत नाही. आणि हे जुनं. याची विरी गेलीय. भुरभुरीत झालंय. याची भाकरी थापली की कडेला चिरते." मुलांनी दोन्ही गोळे चिमटीत धरून बघितले. दिसायला दोन्ही सारखेच पांढरे होते.

रंगांच्या दिवशी फार गंमत झाली. हिरवा तर हिरवागार, पिवळा तर पिवळाधमक, काळा तर काळाकुट्ट, पांढरा तर पांढराशुभ्र, निळा तर निळाशार. एका मुलाने मुद्दाम ‘पिवळाकुट्ट’ म्हटले आणि वर्ग हसून लोळला. कुणी शिकवले नव्हते, तरी कोणत्या रंगाचा सोबती कोण, हे प्रत्येकाच्या कानाला माहीत होते.

बाईंनी त्यांना सांगितले की दादोबा पांडुरंग तर्खडकर नावाच्या विद्वानांनी मराठीचे व्याकरण लिहिले, ते १८३६ साली छापले गेले. एकाने विचारले, "त्याच्या आधी लोक विशेषणं बोलत नव्हते का?"

"बोलत होते ना. आजीची आजी करडू हरवल्यावर काय करत असेल? बोलणारे बोलत होते, त्यांनी ते नीट मांडून दाखवलं."

संक्रांत झाल्यावर बाईंनी पुन्हा तोच निबंध दिला. ‘माझी आई’. या वेळी एकच अट होती. ‘छान’, ‘सुंदर’ आणि ‘प्रेमळ’ हे शब्द वापरायचे नाहीत. आणि लिहायच्या आधी दोन दिवस आईकडे बघायचे.

निबंध वाचताना बाई नाव सांगत नव्हत्या. आई कोणाची, ते वर्गाने ओळखायचे होते. ‘माझ्या आईच्या पायाला भेगा आहेत. सगळ्यात खोल भेग उजव्या टाचेला आहे. तिच्यात ती रात्री मेण भरते.’ मुले विचार करू लागली. ‘माझी आई तापट आहे, पण तिचा राग आखूड आहे.’ हे वाक्य वाचताच सगळ्यांनी एकाच मुलाकडे बघितले आणि तो लाजून हसला. ‘आखूड’ शब्द त्याने रागाला लावला होता. असे कुणी शिकवून येत नाही.

करडू हरवलेल्या मुलाची वही बाईंनी शेवटी घेतली. त्याला आईकडे बघायला मिळाले नव्हते. ती दोन जिल्हे ओलांडून पलीकडे होती. त्याने लिहिले होते, ‘आईचा फोन आला होता. तिचा आवाज घोगरा झाला आहे. पहाटे थंडीत फडात जावे लागते म्हणून. आधी तिचा आवाज बारीक होता. ती बोलताना मध्ये थांबते, तेव्हा मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो. ती बरी आहे म्हणाली, पण आवाज दमलेला होता.’

बाईंनी जुने पान उघडले. ‘विशेषणे वापरावीत’ हा आपलाच लाल शेरा त्यांनी वाचला. मग त्या काही न बोलता खुर्चीवर बसल्या.

त्या रात्री त्यांनी घरी नोंदींची वही काढली. शिक्षकांना दर सत्रात प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. दिवाळीपूर्वी बाईंनी त्या लिहिल्या होत्या. काम फार असते, मुले दोन इयत्तांची, नोंदींचे तयार नमुने मिळतात. बहुतेक जण त्यातून उतरवतात. बाईंनी पहिल्या पानावरचे नाव तळहाताने झाकले. ‘अभ्यासू आहे. शिस्तप्रिय आहे. प्रगती समाधानकारक.’ दुसरे पान. ‘चंचल आहे. प्रगती समाधानकारक.’ तिसरे पान. ‘अबोल आहे. लेखन साधारण.’ चौथे पान पुन्हा ‘अभ्यासू’. त्यांनी पाने उलटली. कोणते मूल कोणते, ते नाव झाकल्यावर त्यांनाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवसापासून बाई मुलांकडे बघू लागल्या. तसे त्या रोजच बघत होत्या, पण आता थांबून बघू लागल्या. खिचडी वाढताना कोण आधी दुसऱ्याचे ताट पुढे करतो. चुकल्यावर कोण खोडतो आणि कोण लपवतो. ‘चंचल’ मुलगा खरोखर कशाने उठतो? तो दर वेळी खिडकीपाशी जात होता, कारण त्याच्या घराचे दार तिथून दिसे आणि आत त्याची दीड वर्षाची बहीण आजोबांजवळ असे. ही नोंद लिहिताना बाईंनी आधीचा ‘चंचल’ शब्द खोडला.

पुढे केंद्रप्रमुख शाळेच्या भेटीला आले. त्यांनी नोंदवही चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाई, एवढं लांबलचक कशाला? दोन ओळी पुरतात."

"साहेब, एक करा," बाई म्हणाल्या. "नाव झाकून कोणतंही एक पान वाचा. मग वर्गात जाऊन दहा मिनिटं बसा."

केंद्रप्रमुखांनी पान वाचले. ‘प्रश्न विचारला की खाली बघतो, पण उत्तर शोधत असतो. थांबले तर नेमके उत्तर देतो. लहान मुलांना घाई करत नाही. मुक्या जनावरांची जाण आहे. हस्ताक्षर तिरके, विचार सरळ.’ ते वर्गात जाऊन मागे बसले. बाईंनी एक प्रश्न विचारला. पुष्कळ हात वर झाले. एक मुलगा खाली बघत होता. बाई थांबल्या. वर्गही थांबला, एव्हाना त्यालाही सवय झाली होती. मग त्या मुलाने वर बघून उत्तर दिले.

केंद्रप्रमुखांनी बाहेर आल्यावर त्या मुलाकडे बोट करून विचारले, "हाच ना?"

"हाच," बाई म्हणाल्या.

पाडव्याला ऊसतोडीची माणसे परत आली. वार्षिक परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी त्या मुलाची आई प्रगतिपत्रक घ्यायला शाळेत आली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून बाईंनीच गुण वाचून दाखवले. मग म्हणाल्या, "यानं आणखी काही लिहिलंय. मी सांगितलं नव्हतं, आपणहूनच." आणि त्यांनी मुलाच्या वहीतले शेवटचे पान वाचले.

‘आई आली. ती बारीक झाली आहे. हात खरबरीत झाले आहेत. डाव्या करंगळीवर कोयत्याचा नवा व्रण आहे. तो अजून लालसर आहे. आवाज आता मोकळा झाला आहे.’

आईने करंगळी उलटसुलट करून बघितली. मुलाकडे बघितले. "हे ह्यानं कवा बघितलं?" ती म्हणाली. कारण तिने तो व्रण कुणाला दाखवला नव्हता.

गोष्ट इथे संपते. तिच्यातून मला एवढेच सांगायचे आहे की आपण मुलांना विशेषणे देतो ती बहुधा तयार. सुंदर फूल, हुशार मुलगा, प्रेमळ आई. मूल ती पाठ करते आणि त्याला बघायची गरजच उरत नाही. आणि आपणही त्याला असेच एखादे तयार विशेषण चिकटवतो. हट्टी, आळशी, ढ. तेही पुढे न बघताच. व्याकरणाच्या पुस्तकाचा यात दोष नाही. नियम खरे आहेत आणि ते शिकवायलाच हवेत, पण आधी वस्तू मुलाच्या हाती द्यायला हवी आणि शब्द सापडेपर्यंत त्याला वेळ द्यायला हवा.

तुमच्या घरात मूल असेल तर आज रात्री जेवताना त्याला भाजीची चव विचारा. ते ‘छान’ म्हणाले, तर शब्द सुचवू नका आणि रागावूही नका. त्याला आणखी एक घास घेऊ द्या आणि पुन्हा विचारा, कशी आहे?